खाणकामगाराच्या बुटाची लेस : निवड आणि घडण

नागपूर जिल्ह्याच्या सावनेर तालुक्यात कन्हान नदीच्या काठी वसलेल्या खाप्याला दोन व्यवसायांची ओळख आहे. एक हातमागावरील विणकामाचा, जो येथील कोष्टी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला. दुसरा मँगनीजच्या खाणीचा. गावालगतची गुमगाव येथील खाण ‘मॉइल’ या सार्वजनिक कंपनीकडे असून तेथे भूमिगत पद्धतीने खनिज काढले जाते. सूत आणि खनिज यांची गाठ जेथे रोज पडते, अशी एक लहानशी वस्तू म्हणजे खाणकामगाराच्या चामडी बुटाची लेस. तिचा विचार सहसा ती तुटल्यावरच होतो. वास्तविक बुटाने द्यावयाचे संरक्षण बऱ्याच अंशी तिच्यावर अवलंबून असते.

खाणींच्या सुरक्षेसंबंधीच्या नियमांनुसार मान्यताप्राप्त पादत्राणांशिवाय खाणीत उतरता येत नाही, आणि खाणकामगारांच्या चामडी बुटांसाठी भारतीय मानक ब्युरोने आयएस १९८९ या क्रमांकाचे मानक ठरवून दिले आहे. अशा बुटाच्या चवड्यावर पोलादी टोपी बसवलेली असते. परंतु टाच बुटात घट्ट बसली नसेल तर उतारावर पाय पुढे घसरतो, बोटे त्याच टोपीवर आदळतात आणि घोट्याचा आधारही सुटतो. टाच जागच्या जागी धरून ठेवण्याचे काम लेस करते.

लेस झिजते कशी, हे समजून घेतल्याशिवाय तिची निवड करता येत नाही. प्रत्येक पावलागणिक घोट्यापाशी बूट वाकतो आणि लेस तेथील छिद्राच्या धातूच्या कड्यावर किंचित पुढेमागे सरकते. म्हणून ती बहुधा वरच्या दोन-तीन छिद्रांपाशीच तुटते. खाप्याच्या परिसरात या घर्षणाला धुळीची जोड मिळते. येथील मँगनीज सौसर समूहाच्या प्राचीन खडकांत सापडते. त्यांतील गोंडाइट हा खडक गार, म्हणजे क्वार्ट्‌झ, आणि स्पेसार्टाइन नावाचा मँगनीजयुक्त गार्नेट यांचा बनलेला असतो. खनिजांचा कठीणपणा मोजण्याच्या मोह्स मापनश्रेणीवर गारेचा अंक ७ आहे, तर पितळेचा ३ ते ४ यांच्या दरम्यान येतो. त्यामुळे या खडकाची धूळ पितळी कड्यालाही ओरखडते, आणि विणीत शिरलेले तिचे धारदार कण लेस वाकेल तेव्हा तंतूंना आतून कापत राहतात. जुनी लेस कड्यापाशी उलगडून पाहिली, तर बाहेरचा पदर अखंड दिसत असताना आतले तंतू पिंजलेले आढळतात, ते यामुळेच.

तंतूंचा विचार करताना पाणी, ताण आणि उष्णता ही तीन अंगे पाहावी लागतात. सुती लेस भिजल्यावर कमजोर होत नाही, उलट अधिक बळकट होते. मात्र ती पाणी शोषून फुगते, गाठ आवळून बसते आणि ओली राहिल्यास बुरशीने कुजते. नायलॉन घासणीला उत्तम टिकते, परंतु ताणले जाते आणि गुळगुळीत असल्याने त्याची गाठ सैलावते. पॉलिस्टर जेमतेम ०.४ टक्के ओलावा धरते, फारसे ताणले जात नाही आणि उन्हातही नायलॉनपेक्षा अधिक काळ तग धरते. म्हणून पाणी झिरपणाऱ्या खाणीतील रोजच्या वापरासाठी तेच सर्वांत भरवशाचे ठरते. नायलॉन आणि पॉलिस्टर दोन्ही ठिणगीने वितळतात. त्यामुळे वेल्डिंग करणाऱ्याने अ‍ॅरामिड या उष्णतारोधक तंतूची लेस घ्यावी. तो तंतू वितळत नाही, पण उन्हाने कमजोर होतो, म्हणून ती उन्हात वाळवू नये.

तंतूइतकेच महत्त्व विणीला आहे. मागावरच्या कापडात उभे व आडवे धागे काटकोनात गुंततात, तर लेसमध्ये सर्व धागे तिरके जाऊन एकमेकांना ओलांडतात. करदोट्यासाठी पटवेकरी विणतो त्या गोफाचीच ही जात आहे. चांगल्या गोल लेसमध्ये मध्यभागी सरळ धाग्यांचा गाभा असतो व त्याभोवती घट्ट गोफाचे आवरण असते. गाभा बराचसा ताण पेलतो आणि आवरण घासणी सोसते. हाताने अशी लेस करायची झाल्यास पीळ दिलेले तिपदरी पॉलिस्टर सूत घेऊन, लेसच्या लांबीच्या साधारण दीडपट धागे कापावे लागतात, कारण तिरके जाताना धाग्याची लांबी खर्ची पडते. विणताना सर्व धाग्यांवर ताण सारखा ठेवणे हे या कामातील खरे कौशल्य होय. एक धागा सैल राहिला की त्याचा भार शेजारच्या धाग्यांवर पडतो आणि तेथूनच तुटण्यास आरंभ होतो. तयार गोफ मेणावरून ओढल्यास धूळ आत कमी शिरते व गाठही पकड धरते. मधमाश्यांचे मेण सुमारे ६२ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे नागपूरच्या मे महिन्यातील ४५ अंशांच्या उन्हात ते मऊ पडले तरी गळून जात नाही.

चामड्याची लेस, म्हणजे वादी, करण्याची रीत याहून निराळी आहे. तिच्यासाठी कातड्याचा पाठीकडील भाग घ्यावा, कारण तेथील तंतू दाट असतात; पोटाकडील चामडे ताणले जाते. लांब पट्टा मिळावा म्हणून चामड्याची गोल चकती कापून रापीने कडेपासून मध्याकडे चक्राकार वादी काढत जातात. १५ सेंटीमीटर व्यासाच्या चकतीतून मधला ४ सेंटीमीटरचा भाग सोडून ५ मिलिमीटर रुंदीची वादी काढली, तर सुमारे ३.२५ मीटर लांबी हाती येते, म्हणजे एका जोडीपुरती सोय होते. ही वादी ओली करून ओढून बांधतात, ताणातच वाळवतात आणि मग तिला चरबी किंवा तेल चोळतात. विणीची छिद्रे नसल्याने तिच्यात धूळ शिरत नाही. पावसाळ्यात मात्र ती सैलावते आणि तेलाविना वाळली तर तडकते. त्यामुळे कोरड्या, उघड्यावरच्या कामाला ती चांगली. पाण्याच्या जागी नव्हे.

लांबीचा अंदाज छिद्रांच्या जोड्यांवरून बांधावा. सहा-सात जोड्यांच्या घोट्याएवढ्या बुटाला साधारण १२० ते १४० सेंटीमीटर आणि त्याहून उंच बुटाला १६० ते १८० सेंटीमीटर लेस लागते. अधिक लांब लेसची लोंबती टोके यंत्रात अडकण्याचा किंवा पायाखाली येण्याचा धोका असतो.

उत्तम लेसही चुकीच्या गाठीने सुटते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की पाऊल जमिनीवर आदळताना गाठ सैलावते आणि हलणारी मोकळी टोके तिला ओढून सोडवतात. सुरगाठ बांधताना पहिला फेरा ज्या दिशेने घेतला त्याच्या उलट दिशेने दुसरा घ्यावा. तसे केल्यास फासे बुटावर आडवे बसतात. ते बुटाच्या लांबीला समांतर वळत असतील, तर गाठ चुकली असे खुशाल समजावे.

धुळीत काम करणाऱ्याने आठवड्यातून एकदा लेस काढून साध्या पाण्यात धुवावी, सावलीत वाळवावी आणि कड्यांची धार बोटाने तपासावी. खरखरीत झालेले कडे नवी लेसही कापते. वरच्या छिद्रांपाशी आवरण विरलेले दिसताच तुटण्याची वाट न पाहता दोन्ही पायांच्या लेस एकदम बदलाव्यात, कारण दोहोंची झीज सारखीच झालेली असते. बुटाच्या किमतीच्या मानाने हा खर्च नगण्य आहे, आणि बूट पुरवणाऱ्या प्रत्येक खाण व्यवस्थापनाने जोडीबरोबर लेसचा एक जादा संच देण्याची पद्धत पाडली पाहिजे.