फायरप्लेसला हाताने घडवलेल्याच टाइल का?
अमेरिकेत जुनं घर घेऊन दुरुस्त करणाऱ्यांना आग्रहाने सांगावंसं वाटतं: फायरप्लेसच्या टाइल बदलायच्याच असतील, तर हाताने घडवलेल्या घ्या. अशा टाइल घडवणारे कारागीर अर्नेस्ट बॅचेल्डर यांनी १९१० च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनात घराच्या आवारातच त्या बनवायला सुरुवात केली. त्यांची पद्धत अशी: माती साच्यात हाताने दाबायची, खोलगट भागात रंगीत मातीचा पातळ लेप सोडायचा, उंचवट्यांवरचा पुसून काढायचा आणि मग भाजायचं. त्यामुळे दोन टाइल तंतोतंत सारख्या निघत नाहीत. आगीचा उजेड तिरका आणि हलता असतो. हे उंचसखलपण आणि या छटा त्या उजेडात खुलतात. सपाट यंत्रटाइलवर नुसती चकाकी उरते.

कमी-जास्त मापाच्या टाइल बसवायच्या कशा, ही शंका रास्त आहे. सांधे ६ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद ठेवले की फरक सामावतो. मात्र आधी सगळ्या टाइल जमिनीवर मांडून बघाच. महाग पडतात हे खरं, पण इथे जागा मोजक्या चौरस फुटांची असते. उष्णतेची भीती भाजलेल्या मातीपेक्षा चिकटवण्याच्या मालाची बाळगावी: डब्यातलं तयार मॅस्टिक टाळून उष्णता सोसणारं सिमेंटचं मॉर्टर वापरावं, आणि प्रत्यक्ष आगीच्या पोकळीत फायरब्रिकच ठेवावी. तोडफोडीआधी फायरप्लेसवरचा जुना रंग थोडा खरवडून बघा, अर्थात त्यात शिसं नाही याची चाचणी करून. खाली मूळ टाइल शाबूत असतील, तर नव्या घ्यायची गरजच नाही.