दुसऱ्या एफसिंकचं यश

व्यवहार ‘कमिट’ झाला असं पोस्टग्रेसनं एकदा सांगितलं, की मग वीज जावो नाहीतर यंत्र बंद पडो, ती नोंद शाबूत राहिली पाहिजे. या मुक्तस्रोत डेटाबेसची सगळी पत त्यावर उभी आहे. मार्च 2018मध्ये क्रेग रिंगर या विकासकानं त्यातली एक फट सहकाऱ्यांपुढे मांडली. स्टोरेजमध्ये बिघाड झाल्यावर एका वापरकर्त्याचा डेटा खराब झाला होता, आणि त्यात पोस्टग्रेसचाही हात होता.

पोस्टग्रेस प्रत्येक बदल आधी ‘वॉल’ नावाच्या रोजनाम्यात लिहितो. तक्त्यांच्या मूळ फाइलींतले बदल मात्र आधी ऑपरेटिंग सिस्टिमच्या कॅशमध्ये पडून राहतात. चेकपॉइंटच्या वेळी ‘एफसिंक’ करून ते डिस्कवर उतरवले की जुना रोजनामा काढून टाकता येतो. एफसिंक फसला, तर पोस्टग्रेस चेकपॉइंट सोडून देई आणि थोड्या वेळानं पुन्हा प्रयत्न करी. कुणालाही हे शहाणपणाचंच वाटेल.

पण लिनक्स वेगळं वागत होता. डिस्कनं लेखन नाकारलं की कर्नल ती चूक एकदा कळवी आणि न उतरलेल्या पानांवर ‘स्वच्छ’ अशी खूण करून मोकळा होई. दुसऱ्या एफसिंकला लिहिण्यासारखं काही उरलेलंच नसे, म्हणून तो यशस्वी ठरे. त्या यशावर विसंबून पोस्टग्रेस रोजनामा निकालात काढी. मग नवा डेटा डिस्कवर नाही, रोजनाम्यात नाही, आणि कॅशमधलं पान कधीही टाकून दिलं जाणार! हा गैरसमज जवळपास 20 वर्षं कोडमध्ये होता.

कर्नलवाल्यांची बाजूही समजण्यासारखी आहे. कुणी यूएसबी ड्राइव्ह उपटून नेला, तर त्याची पानं मेमरीत किती काळ सांभाळायची? फ्रीबीएसडी मात्र ती पानं सहसा ‘न लिहिलेली’ म्हणूनच ठेवतो. एप्रिल 2018मध्ये पोस्टग्रेसचे आंद्रेस फ्रॉइंड यूटामधल्या पार्क सिटीला लिनक्सच्या विकासकांसमोर हा प्रश्न घेऊन गेले. दोन प्रकल्पांनी समोरासमोर बसून एकमेकांची गृहीतकं तपासावीत, हे मला फार मोलाचं वाटतं.

रिंगर यांनी लिहिलेला आणि थॉमस मन्रो यांनी हात फिरवून मुख्य कोडमध्ये घेतलेला उपाय कठोर आहे: एफसिंक फसला की ‘पॅनिक’. पोस्टग्रेस स्वतःहून कोसळतो, पुन्हा उठतो आणि शेवटच्या पूर्ण चेकपॉइंटपासूनचा रोजनामा नव्यानं लागू करतो. सेवा काही काळ खंडित होते. चालू राहण्याला विश्वासार्हता मानणाऱ्यांना हे खटकेल. मला मात्र खोट्या यशापेक्षा हे थांबणं कितीतरी प्रामाणिक वाटतं. 14 फेब्रुवारी 2019 रोजी हा बदल 11.2पासून 9.4.21पर्यंतच्या आवृत्त्यांमध्ये वापरकर्त्यांच्या हाती आला. जुनं वर्तन हवं असणाऱ्यांसाठी एक सेटिंग ठेवलं आहे, पण ते मुळात बंद असतं. पुढे मायएसक्यूएल आणि मोंगोडीबीच्या वायर्डटायगरनंही हाच मार्ग धरला.