बुरशीला माप कोण लावणार?

आटपाडीत बसून ओलीवर लेख लिहायचा म्हणजे कोकणात बसून उंटावर लिहिण्यासारखेच आहे, याची मला कल्पना आहे. माणदेश म्हटला की माळ, बाभळी, मेंढरे आणि आभाळाकडे लागलेले डोळे, हेच वाचकांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. सांगली जिल्ह्याच्या या टोकाला पाऊस येतो तो लांबच्या पाहुण्यासारखा. राहतो थोडा आणि त्याची चर्चाच फार. अशा गावात घराच्या भिंतीला ओल यावी आणि त्या ओलीपायी घरातल्या वडीलधाऱ्या माणसाने रात्र रात्र उठून बसावे, असे कोणी मला दहा वर्षांपूर्वी सांगितले असते तर मी हसलो असतो. आता हसत नाही.

गोष्ट गेल्या दिवाळीची. आमचे वडिलांच्या वेळचे माळवदाचे घर उतरवून आम्ही सहा वर्षांपूर्वी स्लॅबचे घर बांधले. उत्तरेची खोली उन्हाळ्यात गार राहते, म्हणून तीच आईला दिली. माझ्या पुस्तकांचे कपाटही तिथेच. दिवाळीची झाडलोट चालली असताना हिने ते कपाट सरकवले आणि हाक मारली, "अहो, हे पाहिलंत का?"

पाहिले. भिंतीवर ताटाएवढ्या जागेत काळे-हिरवे ठिपके उठले होते आणि कुबट वास येत होता. दोन दिवसांवर पाहुणे आलेले. मी रंगाऱ्याला बोलावले. तो म्हणाला, "सर, दोन हात मारले की भिंत नवी!" दोन हात मारले. भिंत खरोखरच नवी दिसू लागली. कपाट पुन्हा जागेवर गेले, फराळ झाला, पाहुण्यांनी घराची वाखाणणी केली. मराठीचा प्राध्यापक असून 'झाकली मूठ' या म्हणीचा अर्थ मी किती सोयीने लावला, हे मला पुढे कळले.

संक्रांतीच्या सुमारास आईला खोकला सुरू झाला. मध्यरात्री ती उठून बसायची. मी म्हणायचो, थंडी आहे. होळी पेटली, थंडी गेली, खोकला मात्र गेला नाही. डॉक्टरांनी छाती तपासली आणि एकच प्रश्न विचारला, "घरात कुठे ओल आहे का?" घरी येऊन मी कपाट सरकवले. रंगाचे पोपडे सुटले होते आणि ताटाएवढी बुरशी आता सुपाएवढी झाली होती. आईची उशी तिथून चार हातांवर होती.

मुलगी घाबरून म्हणाली, "बाबा, ही ती काळी बुरशी का?" 2021 साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत या नावाने महाराष्ट्र हादरला होता, तेव्हा तिच्या भीतीत नवल नाही. पण तो आजार वेगळा. मधुमेह आटोक्याबाहेर गेलेल्यांना, कोरोनात स्टिरॉइडचे उपचार झालेल्यांना त्याने विशेषकरून गाठले. भिंतीवरचा काळा डाग म्हणजे तो आजार नव्हे. मात्र तो निरुपद्रवीही नव्हे. ओल, बुरशी आणि खोकला, छातीतली घरघर, दम्याचा जोर यांचा संबंध आहे, असे अमेरिकेतील तज्ज्ञांच्या समितीने 2004 साली पुरावे तपासून सांगितले आणि जागतिक आरोग्य संघटनेने 2009 साली त्याला दुजोरा दिला.

तीन वैद्य, तीन निदाने

आता उपाय करायचा ठरले. गवंडी आला. त्याने वर पाहिले आणि सांगितले, "स्लॅब पाझरतोय." गच्चीवर लेप बसला, पैसे गेले, ओल तशीच. दुसरा रंगारी आला. त्याच्या मते पहिल्याचा रंग हलका होता. ओल अडवणारा भारी रंग हवा. तिसरे गृहस्थ शहरातून आले, हातात छोटे यंत्र घेऊन. ते खोलीत पाच मिनिटे फिरवून त्यांनी एक भलामोठा आकडा सांगितला. हवेत बुरशीचे एवढे कण आहेत म्हणे. मी भीत भीत विचारले, "किती असायला हवेत?" ते म्हणाले, "याहून कमी." आणि फवारणीचा दर सांगितला.

त्या तिघांना मी लबाड म्हणत नाही. पण ज्याच्याकडे जे औषध विकायला होते, तोच रोग त्याला दिसला. 'मापात पाप' ही म्हण आपण दुकानदाराला लावतो. इथे तर मापच नव्हते. मग पाप मोजायचे कशाने?

आणि नवल असे की, आपल्या सरकारला मापाचे वावडे मुळीच नाही. आमच्या जिल्ह्यातच पाहा. सांगलीला आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी फुटाइंचांत मोजतात. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. भुईमुगाच्या दाण्याला बुरशी लागली की अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. ते दाण्यात किती चालेल याची मर्यादा अन्न सुरक्षेच्या नियमांनी घालून दिली आहे, तीही किलोमागे मायक्रोग्रॅमांत! बाहेरच्या हवेतील बारा प्रदूषकांची मानके 2009 साली ठरली. राष्ट्रीय इमारत संहितेत ओल अडवण्याविषयी आणि खेळत्या हवेविषयी मार्गदर्शन आहे. पण घर बांधून झाल्यावर भिंतीला बुरशी आली, तर ती कोणी तपासावी, कशी काढावी आणि 'काम झाले' हे कोणी ठरवावे, याचे बंधनकारक मानक आपल्याकडे नाही. खाण्याच्या दाण्यावरची बुरशी सरकारच्या दप्तरी आहे. उशाशी असलेली नाही.

आमचा डाळिंबवाला शेतकरी या बाबतीत सरकारच्या पुढे आहे. झाडाला 'मर' लागली की तो आधी मुळाशी जातो, बागेत पाणी कुठे साचते ते पाहतो. पानांवर हिरवा रंग मारून बाग वाचत नाही, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. तोच शेतकरी घरी मात्र भिंतीला रंग मारतो. माझ्यासारखाच!

बुरशीचा स्वभाव

बुरशी ही काही केवळ वैरीण नव्हे. 1928 साली फ्लेमिंगच्या बशीत उगवलेल्या बुरशीतूनच पेनिसिलीन आले आणि 1954 साली स्थापन झालेल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने ते आपल्या देशात बनवले. तिचे बीजकण सगळीकडे, सदैव असतात. त्यांना घराबाहेर ठेवता येत नाही. त्यांना खायला लागते थोडे. लाकूड, कागद, रंग, धूळ काहीही चालते. उरते ते पाणी. ते मिळाले की एक-दोन दिवसांत बुरशी धरू लागते. म्हणजे आपल्या हातात फक्त पाणी आहे. शिवाय बुरशी मारून भागत नाही. मेलेली बुरशीही श्वासाबरोबर त्रास देते. म्हणून ती काढावी लागते.

हवेत अमुक कण चालतील, असा आकडा ठरवण्याचा प्रयत्न जगात झाला आहे. कॅलिफोर्नियाने 2001 साली त्यासाठी कायदाच केला. पण माणसामाणसाची प्रकृती वेगळी आणि बुरशीच्या जाती अनेक. असा आकडा शास्त्राच्या आधारे ठरवता येत नाही, असा निष्कर्ष तिथल्या आरोग्य खात्याला काढावा लागला. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2009 साली आकडा दिला नाही. ओल रोखा आणि आलेली दूर करा, असे सांगितले. यंत्रवाल्या गृहस्थांना माझ्या प्रश्नाचे उत्तर का देता आले नाही, ते मला तेव्हा कळले.

पण आकडा नाही म्हणून नियम नाही, असे थोडेच आहे? न्यूयॉर्क शहराने 1993 साली मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि पुढे सुधारली. त्यात हवा मोजायची नाही, डागाचे क्षेत्रफळ मोजायचे. दहा चौरस फुटांहून लहान डाग साध्या काळजीने काढता येतो. शंभराच्या पुढे गेला तर जाणकार माणसे हवीत. टेक्सासने 2003 सालच्या कायद्याने आणखी एक शहाणपण दाखवले. तपासणाऱ्याला परवाना, काढणाऱ्याला परवाना, आणि एकाच कामात दोघे एकच असायचे नाहीत. हे नियम माझ्या घरी असते तर तीनपैकी दोन खर्च वाचले असते.

याहून जुना नमुनाही आहे. बायबलच्या जुन्या करारात, लेवीयाच्या पुस्तकात, भिंतीवर हिरवट-तांबूस चट्टे उठले तर काय करावे ते सांगितले आहे. आधी घर रिकामे करायचे, मग याजकाने पाहायचे, सात दिवस घर बंद ठेवायचे, चट्टे पसरले असतील तर ते दगड काढून गावाबाहेर टाकायचे, भिंती खरवडून नवा गिलावा द्यायचा आणि पुन्हा तपासायचे. धर्माचा भाग सोडा. पण आधी तपास, मग काढणे, मग पुन्हा तपास हा क्रम आजही चुकीचा ठरलेला नाही.

इंग्लंडला हा धडा फार महाग पडला. रॉचडेल गावी अवाब इशाक नावाचे दोन वर्षांचे मूल 2020 च्या डिसेंबरात दगावले. भाड्याच्या घरातील बुरशीत दीर्घकाळ राहिल्याने हे घडले, असा निष्कर्ष 2022 साली मृत्यूच्या चौकशीत निघाला. आई-बापांनी तक्रार केली होती; उत्तर मिळाले होते, रंग द्या! त्या बाळाच्या नावाचा कायदा ऑक्टोबर 2025 पासून तिथल्या सामाजिक गृहसंस्थांच्या भाड्याच्या घरांना लागू झाला. गंभीर धोक्याची तक्रार आली की दहा कामाच्या दिवसांत तपासणी आणि त्यानंतर पाच दिवसांत घर सुरक्षित; अगदी तातडीचे असेल तर चोवीस तास.

'रंग द्या' हे दोन शब्द वाचले आणि मला आमची गेली दिवाळी आठवली. ते उत्तर मी माझ्या आईला दिले होते.

आपल्याला काय हवे?

2019 च्या ऑगस्टात सांगलीत पाणी सत्तावन्न फुटांवर गेले, तेव्हा माझ्या थोरल्या बहिणीच्या घरात डोक्याएवढे पाणी होते. पंचनामा झाला. "पडलेली भिंत लिहून नेली रे," ती म्हणाली, "उभी राहिलेली ओली भिंत कुणी लिहिली नाही." तिनेही सणापूर्वी रंग दिला. भिंत किती वाळल्यावर गिलावा द्यावा, हे सांगणारा कागद तिच्या हाती पडला असता तर तिचे ते पैसे वाचले असते.

म्हणून मला वाटते, शासनाने फार मोठे काही करू नये. चार गोष्टी ठरवाव्यात. ओलीचे कारण सापडल्याशिवाय उपचार नाही. तपासणारा आणि उपाय विकणारा वेगळा. लहान डाग घरच्यांनी कसा काढावा आणि मोठा कोणी, हे सोप्या मराठीत छापलेले असावे. आणि भाड्याची घरे, वसतिगृहे, सरकारी चाळी यांत तक्रारीला मुदत असावी. पूरग्रस्त गावांपासून सुरुवात केली तर उत्तमच.

आम्हाला पाणी देणारी योजना कराडजवळच्या टेंभू गावाच्या नावाने ओळखली जाते. 1856 साली गोपाळ गणेश आगरकरांचा जन्म तिथलाच. दम्याने ते आयुष्यभर गांजले आणि 1895 साली, चाळिशीच्या आत, गेले. बुरसटलेल्या विचारांशी ते झुंजले, हे मी वर्गात दरवर्षी सांगतो. 'बुरसटलेला' आणि 'बुरशी' यांचे कूळ एकच, हेही सांगतो. पण कारण शोधल्यावाचून उपाय करू नये, ही त्यांची शिकवण घरच्या भिंतीला लावायची मला सुचली नाही.

ती सुचली आईला. डोक्यावरून घागरी वाहिलेली ती बाई. एके सकाळी भिंतीवर तळहात ठेवून म्हणाली, "आरं, वरनं पाणी आलं असतं तर वर ओल नसती का? हितं गुडघ्याखालीच गार लागतंय. पलीकडं न्हाणीच हाय न्हवं?"

भिंत फोडली. आतला नळ जोडावर झिरपत होता. नळ बदलला. आईला दुसऱ्या खोलीत नेले, तोंडाला फडकी बांधून, धूळ उडू नये म्हणून भिंत भिजवून गिलावा खरवडला आणि वीट दोन महिने उघडी ठेवली. माणदेशाचा उन्हाळा एरवी कितीही नकोसा असो, भिंत वाळवायला त्याच्यासारखा कारागीर नाही. मग चुना दिला. पावसाळा गेला, डाग परत आलेला नाही. आईचा खोकला पार गेला असे म्हणणार नाही. पण रात्री उठून बसणे थांबले आहे.

आपल्या जुन्या दिवाळीत घर रिकामे व्हायचे, अंथरुणे उन्हात पडायची, कोपरान् कोपरा दिसायचा आणि मगच भिंतींना चुना लागायचा. वर्षातून एकदा होणारी ती तपासणीच होती. चुना तेवढा आपण ठेवला, आता त्याचाही रंग झाला, आणि तपासणी विसरलो.

यंदा आमच्या घरी पुस्तकांचे कपाट भिंतीपासून वीतभर पुढे आहे. पाहुण्यांना ते जरा विचित्र दिसेल. दिसू दे.