वॉटचा आकडा खरा कधी असतो?

पॉवर मीटर बसवला, सायकल कॉम्प्युटरशी जोडला आणि पडद्यावर वॉट दिसू लागले, की मोजमाप अचूक झाले असे बहुतेक सायकलस्वार धरून चालतात. माहितीपत्रकात ‘अधिक-उणे १ टक्का’ असे छापलेले असते, त्यामुळे शंकेला जागा उरत नाही. पण ती हमी मीटर नीट बसवलेला, शून्यावर आणलेला आणि योग्य माहिती भरलेला असतानाची आहे. जर्मन अभियंता उलरिश शोबेरर यांनी १९८६ मध्ये एसआरएम या पॉवर मीटर कंपनीचा पाया घातला, तेव्हापासून तत्त्व तेच आहे: पायाच्या जोराने धातूला अगदी सूक्ष्म ताण बसतो, स्ट्रेन गेज तो टिपतो, त्यावरून टॉर्क काढला जातो आणि त्याला फिरण्याच्या वेगाने गुणले की वॉट मिळतात. म्हणजे वॉट हे हिशेबाचे उत्तर आहे, आणि हिशेबात घातलेली प्रत्येक चूक उत्तरात उतरते. या चुका मीटरच्या दर्जापेक्षा वापरणाऱ्याच्या हातात अधिक असतात.

पहिला गैरसमज ‘कॅलिब्रेट’ या बटणाचा. मीटर कारखान्यातच कॅलिब्रेट झालेला असतो, मग रोज ते बटण कशाला दाबायचे? कारखान्यात ठरते ते गेजच्या संकेताचे टॉर्कशी असलेले प्रमाण. कॉम्प्युटरवरचे बटण बहुधा फक्त शून्य नव्याने ठरवते, म्हणजे पेडलवर भार नसताना मीटरने काय वाचावे ते. तापमान बदलले की हे शून्य सरकते. पुण्यात जानेवारीच्या पहाटे १२ अंशांत निघालेल्या स्वाराला दुपारी २८ अंश लागू शकतात. मीटर तापमानाची भरपाई करतो, काही मीटर पेडल थांबले असताना स्वतःच शून्य साधतात, तरी थोडी चूक उरू शकते. म्हणून सायकल घराबाहेर काढून दहा-पंधरा मिनिटे बाहेरच्या हवेत ठेवावी आणि मग शून्य साधावे.

यावर नेहमीचा आक्षेप असा: ‘माझा मीटर चुकत असेल, पण रोज सारखाच चुकतो, मला तुलना करायची आहे, तेवढ्याला तो पुरतो.’ चूक खरोखर स्थिर असती तर हा युक्तिवाद बिनतोड ठरला असता. पण शून्य १ न्यूटन-मीटरने सरकले, तर ९० कॅडेन्सला (मिनिटाला पेडलचे ९० फेरे) सुमारे ९.४ वॉट आणि ६० कॅडेन्सला ६.३ वॉट वाढीव दिसतात. ३०० वॉटच्या जोरात ही चूक ३ टक्के, तर १०० वॉटच्या आरामाच्या फेरीत ९ टक्क्यांहून अधिक. एकाच दिवशी, एकाच मीटरवर चूक सारखी राहत नाही. एका बाजूच्या मीटरचेही तसेच. तो डाव्या पायाची शक्ती मोजून तिची दुप्पट करतो. एकूण २०० वॉटपैकी डावा पाय ४८ टक्के देत असेल, तर कॉम्प्युटरवर १९२ दिसतात. थकव्याने किंवा दुखापतीनंतर तोच वाटा ५० टक्के झाला, की शक्ती तसूभर न वाढता ८ वॉटची प्रगती नोंदली जाते. एका बाजूचा मीटर टाकाऊ नाही, पण त्याच्या नोंदी वाचताना ही मर्यादा लक्षात ठेवायला हवी.

दुसरा गैरसमज सेटिंगबद्दलचा: कॉम्प्युटरला सगळे आपोआप कळते. पेडलमधल्या मीटरला क्रँकची लांबी आपण सांगावी लागते. क्रँक १७० मिलिमीटरची आणि सेटिंग १७२.५ ची असेल, तर प्रत्येक आकडा जवळपास दीड टक्का फुगतो. नोंद ठेवण्याची पद्धतही तपासावी लागते. अनेक मीटर सेकंदाला सुमारे चार वेळा माहिती पाठवतात. कॉम्प्युटरने निदान दर सेकंदाला नोंद घ्यायला हवी. ‘स्मार्ट’ पद्धतीत जागा वाचवण्यासाठी मधल्या नोंदी गाळल्या जातात. रस्त्याचा नकाशा त्याने बिघडत नाही, पण दहा सेकंदांच्या स्प्रिंटचा आलेख बोथट होतो. याउलट, पडद्यावर तीन सेकंदांची सरासरी लावल्याने नोंद बिघडते ही भीती निराधार आहे. ती सोय डोळ्यांसाठी असते, फाइलमध्ये मूळ नोंदीच जातात.

सर्वांत खोल गैरसमज शून्यांचा आहे. पेडल न मारता उतारावरून येताना ० वॉट नोंदले जातात, आणि ते धरले तर ‘खरी’ सरासरी खाली ओढली जाते असे अनेकांना वाटते. समजा, एका तासात ४० मिनिटे २२० वॉटने सिंहगड चढलात आणि २० मिनिटे पेडल न मारता उतरलात. काम झाले ५२८ किलोज्यूल, म्हणून तासाची सरासरी १४७ वॉट. शून्ये वगळली तर २२० दिसतात. तासभर २२० वॉट दिल्यास ७९२ किलोज्यूल काम व्हायला हवे, ते झालेलेच नाही. कॅडेन्सची सरासरी शून्ये वगळून काढणे योग्य, कारण तिथे प्रश्न पाय फिरतानाच्या लयीचा असतो. शक्तीच्या सरासरीत मात्र विश्रांतीही मोजायलाच हवी, कारण शरीराने ती घेतलेली असते. पुढच्या सरावाचा भार याच हिशेबावर ठरतो.

हौशी स्वाराला दोन-तीन टक्क्यांनी काय फरक पडतो, हा शेवटचा आक्षेप. २५० वॉटवरून २५८ वर पोहोचणे म्हणजे जेमतेम ३ टक्के वाढ, आणि त्यासाठी महिनोन् महिने घाम गाळावा लागतो. मोजमापाची चूक तेवढीच असेल, तर मेहनत फळली की नाही हे कळण्याचा मार्गच बंद होतो. कॉम्प्युटर शून्य साधताना आकडा दाखवत असेल, तर तो रोज टिपून ठेवावा. एखाद्या दिवशी तो एकदम उडाला, तर वॉट पाहून खूश किंवा निराश होण्याआधी पेडल नीट घट्ट बसले आहे का, ते पाहता येते.