पोलिएचं हिरवं अत्तर

गुलाबाचं अत्तर विकणारा जाणता दुकानदार गिऱ्हाइकाला कुपी नाकाशी धरू देत नाही. आधी हात पुढे करायला लावतो, मनगटाच्या वरच्या बाजूला काचेच्या काडीनं बारीकशी रेघ ओढतो आणि बजावतो, की लगेच हुंगू नका, अंगावर चढू द्या. मुंबईचा मोहम्मद अली रोड असो की कनोजचा बाजार, सल्ला साधारण तोच. त्याच्या जोडीला आणखी एक वाक्य ठरलेलं असतं: हे प्रत्येकाच्या अंगावर वेगळं लागतं. गिऱ्हाईक मान डोलावतं, कारण अनुभव त्याचाही तसाच. मावशीच्या हाताला जो गुलाब रात्रीपर्यंत दरवळायचा, तोच भाचीच्या हातावर तासाभरात आंबूस होतो किंवा उडून जातो. ‘ज्याच्या त्याच्या अंगाचा गुण’ असं म्हणून सगळे मोकळे होतात.

पण जुनी कागदपत्रं आणि नवी रसायनं शेजारी ठेवून पाहिली, की ध्यानात येतं: अंगाच्या नावावर खपवलेल्या या फरकातला बराचसा फरक अंगाचा नसतोच.

गुलाबाचं तेल अंगाला लावल्यावर काय होतं, याची आपल्याकडची सर्वांत प्रसिद्ध नोंद बादशहाची आहे. जहांगीरनं आपल्या आत्मवृत्तात कारकिर्दीच्या नवव्या वर्षाच्या, म्हणजे १६१४ च्या हकिकतीत ती केली. लोकांच्या तोंडी असलेली कथा वेगळी. गुलाबपाण्यानं भरलेला कालवा, काठावर नूरजहाँ आणि जहांगीर, पाण्यावर तरंगणारा तेलाचा तवंग. ही कथा चित्रपटाला शोभेल अशी आहे, म्हणूनच टिकली. खुद्द जहांगीर शोधाचं श्रेय बायकोला देत नाही, सासूला देतो. नूरजहाँची आई अस्मत बेगम गुलाबपाणी काढत असताना गरम पाणी ज्या भांड्यांत ओतलं जाई, त्यांत वर साय धरू लागली. तिनं ती थोडी थोडी करून जमवली. बादशहानं मोत्यांची माळ बक्षीस दिली आणि त्याची सावत्र आई सलीमा सुलतान बेगम हिनं या तेलाला ‘इत्र-ए-जहांगीरी’ असं नाव ठेवलं. सलीमा बेगम १६१३ च्या सुरुवातीला वारली, तेव्हा शोध त्याआधीचा धरावा लागतो. नूरजहाँचं बादशहाशी लग्न १६११ चं. म्हणजे जावई नवा असतानाच सासूबाईंनी ही भेट पुढे केलेली दिसते. पुढे १८०४ मध्ये लुई-मातिअ लांग्लेस या पॅरिसच्या प्राच्यविद्यापंडितानं गुलाबाच्या तेलाच्या शोधावर वेगळी पुस्तिकाच काढली. तरी लोकांनी कालव्याची कथा सोडली नाही. आज आग्र्यात इतमाद-उद-दौलाचा मकबरा बघायला गेलेल्या किती जणांना माहीत असतं, की नवऱ्याशेजारी तिथं ही अत्तरवाली अस्मत बेगमही पुरलेली आहे?

जहांगीरच्या नोंदीत एक तपशील मात्र सोन्याचा आहे. एका थेंबानं भरली सभा दरवळते, असं तो सांगतो, आणि थेंब चोळायची जागा म्हणून नाव घेतो तळहाताचं. तळहातावर त्वचेचं तेल स्रवणाऱ्या ग्रंथी नसतात. अंगावर जवळपास सगळीकडे असलेला तेलाचा पातळ थर तिथं जागेवर तयार होत नाही. त्यामुळे सुगंधी रेणूंना धरून ठेवायला तिथं फारसं काही नसतं, ते ऊब मिळताच हवेत जातात. सभा दरवळते ती यामुळे. तळहात मात्र लवकर रिकामा होतो. दुकानदार रेघ ओढतो ती मनगटाच्या वरच्या अंगाला, जिथं थोडं तेल असतं. बादशहाला घमघमाट हवा होता, दुकानदाराला टिकाऊपणा विकायचा असतो. (याच आत्मवृत्तात जहांगीर कबूल करतो, की तरुणपणी तो दिवसाला दोनदा गाळलेल्या दारूचे वीस पेले रिचवत असे. तेव्हा त्याच्या नाकावर किती भरवसा ठेवायचा, हे ज्यानं त्यानं ठरवावं.)

अंगाचा गुण म्हणतात त्यातला कातडीपुरता खरा भाग एवढाच, आणि तो साधा आहे. कातडी तेलकट असेल तर गुलाबाचे रेणू त्या तेलात विरघळतात आणि सावकाश सुटतात. कोरडी असेल तर हलके रेणू आधी पळतात आणि जड तेवढे मागे राहतात. उबदार अंगावर सगळंच लवकर घडतं. हिवाळ्यात तडकलेल्या हातावर अत्तर टिकत नाही, ते याच कारणानं. आधी थोडं खोबरेल लावलं तर टिकतं. यापलीकडे ‘त्वचेचं रसायन’ या नावाखाली अत्तराच्या जाहिराती जे काही सांगतात, त्यातलं बरंचसं हवेतलं आहे.

आता हिरव्या अत्तराकडे.

कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीनं १७८८ मध्ये आपल्या ‘एशियाटिक रिसर्चेस’चा पहिला खंड काढला. विल्यम जोन्सच्या मंडळींचे देवदेवता, लिपी आणि कालगणनेवरचे भारदस्त निबंध त्यात आहेत, आणि त्यांच्यात एक छोटासा लेख गुलाबाचं अत्तर काढण्याच्या रीतीवर आहे. लिहिणारा लेफ्टनंट कर्नल पोलिए. आंत्वान पोलिए जन्मानं स्विस, लोझानचा, १७४१ चा. ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत तो अभियंता होता, नंतर अवधच्या नवाबांकडे रमला. लखनौत त्यानं हस्तलिखितं जमवली, चित्रकार पदरी ठेवले, फारसीत पत्रव्यवहार केला. वेदांची नक्कल मिळवून ती ब्रिटिश म्युझियमला देणारा हाच. योहान झोफनीनं काढलेलं त्याचं नि त्याच्या मित्रांचं चित्र कोलकात्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियलमध्ये आहे. त्यात हा गृहस्थ नोकरांनी आणलेली फळफळावळ पारखत बसलेला दिसतो. हातात घेतलेली प्रत्येक वस्तू नीट निरखणाऱ्या माणसाचं चित्र काढायचं, तर असंच काढावं. युरोपात परतल्यावर १७९५ मध्ये अविन्योंजवळ दरोडेखोरांनी त्याला ठार केलं.

त्याचा लेख पाककृतीसारखा कोरडा आहे आणि तीच त्याची गंमत. चाळीस पौंड गुलाब, देठ छाटलेले पण खालची हिरवी पुष्पकोशाची वाटी शाबूत. त्यात साठ पौंड पाणी. मंद आचेवर गाळायचं, निघालेलं पाणी पुन्हा ताज्या गुलाबांवर घालून परत गाळायचं. मग रुंद तोंडाच्या भांड्यात ते रात्रभर उघड्या हवेच्या गारव्यात ठेवायचं. पहाटे वर गोठलेला पापुद्रा काढून घ्यायचा. अस्मत बेगमची साय ती हीच. गुलाबाच्या तेलात वास नसलेली मेणं भरपूर असतात, म्हणून ते साध्या गारव्यातही थिजतं.

आणि मग पोलिए एक निरीक्षण जाता जाता नोंदवतो. अत्तराच्या रंगावरून त्याचा दर्जाही कळत नाही आणि मूळ गावही कळत नाही. एकाच वर्षी त्याला पाचूसारखं हिरवं, झगझगीत पिवळं आणि लालसर अशी तिन्ही अत्तरं मिळाली होती. जमीन एकच, रीत एकच, फक्त गुलाब वेगवेगळ्या दिवशी खुडलेले. हिरवेपणा हिरव्या वाटीमुळे येत असेल, ही शंकाही त्यानं लगेच खोडून काढली आहे.

अंगाच्या गुणाची चर्चा करणाऱ्यांनी हा परिच्छेद वाचायला हवा. एकाच शेतातला गुलाब दिवसागणिक इतका बदलत असेल, तर मावशीनं एका वर्षी घेतलेली कुपी आणि भाचीनं दुसऱ्या वर्षी घेतलेली कुपी यांत एकच गुलाब आहे, हे कशावरून धरायचं? शिवाय खुडायची वेळ असते. ऊन चढलं की पाकळीतलं तेल उडू लागतं, म्हणून हाथरस-हसायनकडचे शेतकरी काय नि बल्गेरियातल्या कझानलाकच्या खोऱ्यातले काय, दमस्क गुलाब उजाडता उजाडताच तोडतात. साधारण तीन ते चार हजार किलो फुलांमागे एक किलो तेल, असा हा आतबट्ट्याचा हिशेब आहे.

हिशेब असा असला की भेसळ आलीच. पोलिएनं सर्वांत रागानं लिहिलंय ते चंदनाबद्दल. भट्टीत चंदनाचा भुसा टाकून तेलाचं प्रमाण वाढवतात, पण चंदनाचं तेल साध्या थंडीत गोठत नाही आणि त्याचा वासही लपत नाही, तेव्हा लबाडी पकडता येते, असं त्याचं म्हणणं. इथं पोलिए आणि कनोज यांचं भांडण आहे, आणि ते आजही मिटलेलं नाही. कारण कनोजच्या लेखी चंदन ही लबाडी नव्हे, तीच कला. तांब्याच्या डेगेत फुलं नि पाणी, तिच्यावर मातीनं लिंपलेलं झाकण, वेळूच्या चोंग्यातून वाफ खाली पाण्यात बुडवलेल्या भपक्यात उतरते, आणि त्या भपक्यात आधीपासूनच चंदनाचं तेल असतं. गुलाब चंदनात मुरतो. कित्येक दिवस रोज ताजी फुलं घालून तेच चंदन पुन्हा पुन्हा गुलाबानं भरतात. बिनचंदनाचं निखळ तेल हवं असेल, तर ते ‘रूह गुलाब’ म्हणून वेगळं मागावं लागतं आणि त्याची किंमत ऐकून हात खिशातच राहतो.

या भांडणात प्रस्तुत लेखाचा कौल कनोजच्या बाजूनं आहे, पण पोलिएचा मुद्दा त्यामुळे अधिकच कामाला येतो. चंदनाचे रेणू जड, तासन्‌तास अंगावर बसून राहतात. संध्याकाळी लावलेल्या गुलाबाचा रात्री जो वास येतो, त्यात चंदनाचा वाटा मोठा असतो. गेल्या काही दशकांत चंदन महागलं, दुर्मिळ झालं आणि पुष्कळ अत्तरांत त्याची जागा लिक्विड पॅराफिननं घेतली. पॅराफिनला स्वतःचा वास नाही. गुलाब उडाला की मागे काहीच उरत नाही. तेव्हा ‘आजीच्या अंगावर यायचा तसा माझ्या अंगावर येत नाही’ ही तक्रार करणाऱ्यांनी स्वतःच्या कातडीला दोष देण्याआधी कुपीतला आधार कोणता, हे विचारावं.

आता कातडी, फूल आणि आधार या तिन्ही गोष्टी समान केल्या, असं समजू. तरी फरक उरतो. कारण गुलाबाच्या तेलात जे भरपूर असतं, ते वासाला फार कामाचं नसतं. सिट्रोनेलॉल ३८ टक्क्यांच्या आसपास, जिरॅनिऑल १४, बिनवासाची मेणं १६. पण १९७० मध्ये जिनिव्हाच्या फिर्मेनिश कंपनीतल्या एदुआर देमोल आणि सहकाऱ्यांनी बल्गेरियन गुलाबतेलातून निघालेल्या डॅमासेनोन या रेणूची रचना प्रसिद्ध केली, आणि सगळं गणित उलटलं. तेलात तो अवघा ०.१४ टक्के. पण नाकाला तो इतक्या सूक्ष्म प्रमाणात कळतो, की वासाचं बळ मोजलं तर जवळजवळ ७० टक्के वाटा त्याचा भरतो. त्याच्या खालोखाल बीटा-आयोनोन, तेलात ०.०३ टक्के, वासाच्या बळात सुमारे १९.

हा बीटा-आयोनोनच खरा खोडकर. न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिलं, की तो नीट हुंगता येणं न येणं हे जवळपास पूर्णपणे एका जनुकावर अवलंबून असतं, ओआर५ए१ हे त्याचं नाव. ज्यांचं नाक त्याला संवेदनशील, त्यांना तो फुलासारखा गोड वाटतो. बाकीच्यांना एक तर कळतच नाही, किंवा प्रमाण वाढवलं तर आंबट, झोंबरा लागतो. याचा अर्थ एकाच मनगटावरचा एकच गुलाब दोन बहिणींना वेगळा येऊ शकतो, आणि दोघीही खरं बोलत असतात. भाचीला जे ‘आंबूस’ लागलं, ते तिच्या हाताचं असेल असं नाही.

मग अंगाचा काहीच वाटा नाही? आहे, पण तो कुठं शोधायचा ते प्रागच्या चार्ल्स विद्यापीठातल्या मंडळींनी २०१२ मध्ये दाखवलं. त्यांनी काखेतल्या घामाचे बोळे घेतले, काहींत त्या माणसानं स्वतः निवडलेलं अत्तर, काहींत संशोधकांनी नेमून दिलेलं. नुसती अत्तरं हुंगणाऱ्यांना त्यांत डावं-उजवं वाटलं नाही. पण घामासकट हुंगल्यावर स्वतः निवडलेलं अत्तर जास्त बरं वाटलं. म्हणजे माणूस नकळत आपल्या घामाशी जुळणारा वास उचलतो. वाढदिवसाला दिलेलं अत्तर कपाटात पडून राहतं, यात देणाऱ्याच्या आवडीचा दोष असेलच असं नाही.

आणि घामही सगळ्यांचा सारखा नसतो. जपानमधल्या संशोधकांनी २००६ मध्ये एबीसीसी११ या जनुकाचा संबंध कानातल्या मळाशी जोडला: मळ ओला की कोरडा, हे तो ठरवतो. काखेच्या वासाचा सूत्रधारही तोच निघाला. पूर्व आशियात बहुतेकांचा मळ कोरडा आणि काखेला वास जवळजवळ नाही. तिथं अत्तराला झगडायला फारसं काही नसतं. आपल्याकडे ओल्या मळाचं प्रमाण मोठं, आणि अत्तराचा फाया ठेवायची आपली जागा नेमकी कानाची. अर्थात फाया राहतो कानाच्या वरच्या खोबणीत, मळापासून दूर, आणि अत्तर असतं कापसात. कापसाला ना तैलग्रंथी, ना घाम, ना जंतू. जुन्या लग्नात एकाच अत्तरदाणीतले फाये घेऊन मंडळी पंगतीला बसत, तेव्हा फूल एक, आधार एक आणि कातडी जवळपास वगळलेली. त्यातूनही कुणी म्हणालं, की शेजाऱ्याच्या कानातला गुलाब आपल्यापेक्षा गोड येतोय, तर चौकशी त्याच्या नाकाची करायची.