दाताच्या गोळ्या आणि आईबापांची शंका

बाळाचा पहिला दात बहुधा सहाव्या महिन्याच्या आसपास, खालच्या हिरडीत मधोमध दिसतो. कुणाला चौथ्याच महिन्यात येतो, कुणाला वर्ष उलटल्यावर; दोन्ही प्रकारची बाळे निरोगी असतात. अडीच-तीन वर्षांपर्यंत दुधाचे वीसही दात येऊन जातात. या सगळ्या काळात बाळाला काहीही झाले, ताप, जुलाब, खोकला, रात्रीची रडारड, तरी घरातले उत्तर ठरलेले असते: दात येतायत.

उजनीच्या पाणफुगवट्याकाठी, पुणे-सोलापूर महामार्गावर वसलेल्या भिगवणच्या परिसरात या एका उत्तरावर उपाय मात्र अनेक मिळतात. आजी सहाणेवर बाळगुटी उगाळते: बाळहिरडा, मुरडशेंग, वेखंड, जायफळ, हळकुंड, प्रत्येकाचे ठरलेले वेढे. कुणी टाकणखाराची लाही मधात कालवून हिरडीला लावते. शेजारीण होमिओपॅथीच्या ‘दाताच्या गोळ्या’ सुचवते. औषधाच्या दुकानात हिरडी बधिर करणारे जेल असते आणि मोबाइलवर मागवता येणारी अंबराच्या मण्यांची माळही. तरुण आईबाप विचारतात, यात आहे काय आणि याने होते काय? घरात हा प्रश्न उद्धटपणाचा वाटतो. खरे तर तो फार आधी विचारायला हवा होता.

दात येताना नेमके काय होते, हे मोजून पाहिलेले आहे. अमेरिकेतील क्लीव्हलँड येथील डॉक्टरांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १२५ बाळांच्या पालकांनी रोज दोनदा ताप आणि लक्षणांची नोंद ठेवली. दात दिसण्याआधीचे चार दिवस, तो दिवस आणि नंतरचे तीन, अशा आठ दिवसांत लाळ, चावाचावी, हिरड्या चोळणे, किरकिर, घन आहार नको म्हणणे, अंग किंचित कोमट लागणे हे वाढले. जोराचा ताप, खोकला, उलट्या आणि जुलाब यांचा दाताशी संबंध आढळला नाही.

मग जुलाब नेमके तेव्हाच का होतात? सहाव्या महिन्याला तीन गोष्टी एकदम घडतात. आईकडून गर्भात मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरत आलेली असते, वरचे अन्न-पाणी सुरू होते आणि बाळ जमिनीवरची प्रत्येक वस्तू तोंडात घालू लागते. जंतूंना वाट मिळते आणि दोष दाताच्या माथी जातो.

उपाय लागू पडल्यासारखा वाटतो तो याच आठ दिवसांच्या हिशेबामुळे. त्रास टिपेला पोहोचला की आई औषध शोधते. त्यानंतर त्रास उतरणारच असतो. मधल्या दिवसात गुटी दिली असेल तर श्रेय गुटीला, गोळी दिली असेल तर गोळीला.

वाग्भटाच्या अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात, उत्तरस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात, दात येणे हे बाळाच्या सर्व रोगांचे कारण म्हटले आहे. घरोघरच्या समजुतीला आधार इतका जुना आहे, आणि हा भाग आजच्या मोजमापात टिकला नाही. पण तोच ग्रंथकार पुढे सांगतो की दातांमुळे होणाऱ्या या तक्रारींत बाळाला उपचारांनी फार जखडू नये, कारण दात आले की त्या आपोआप शमतात. आजीशी बोलताना हा दाखला फार उपयोगी पडावा.

दाताच्या गोळ्यांचा हिशेब सोपा आहे. बायोकॉम्बिनेशन २१ या नावाने मिळणाऱ्या गोळीत लोह आणि कॅल्शियमचे फॉस्फेट असते, तेही अतिशय विरळ करून. विरळपणाची ‘६ एक्स’ ही खूण म्हणजे दहा लाखांत एक भाग. १०० मिलिग्रॅमच्या गोळीत मूळ द्रव्य मिलिग्रॅमच्या दहा हजाराव्या हिश्श्याइतके. आईच्या चमचाभर दुधात याच्या हजारो पट कॅल्शियम असते. बाकीची गोळी म्हणजे दुधातली साखर. सहसा ती निरुपद्रवी असते. पण विरळ करण्यातच चूक झाली तर? अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ साली दाताच्या होमिओपॅथी गोळ्यांविरुद्ध इशारा दिला. २०१७ च्या तपासणीत काही गोळ्यांत बेलाडोना या विषारी वनस्पतीचा अंश लेबलावर लिहिल्यापेक्षा कितीतरी जास्त, आणि गोळीगणिक वेगळा निघाला.

बाळगुटीची अडचण वेगळी. जायफळाने गुंगी येते, आणि बाळ गप्प झोपले म्हणजे हिरडी शमली असे नव्हे. वेढे मोजले तरी द्रव्य किती उतरले हे कळत नाही. सहाण आणि पाणी स्वच्छ नसेल तर जुलाबांचे कारण गुटीच ठरते. वर्षाच्या आतील बाळाला मध देऊ नये, त्यातून बोट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो. टाकणखार तर पोटात गेल्यास विषारीच. जेलही निर्धास्त नाही: काही जेलमधील बेन्झोकेन या बधिर करणाऱ्या औषधामुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटू शकते, म्हणून दोन वर्षांखालील मुलांसाठी ते वापरू नये असे अमेरिकेच्या त्याच प्रशासनाने २०१८ साली बजावले. अंबराची माळ गळ्याला फास बसून जिवावर बेतू शकते. गळ्यातल्या काळ्या दोऱ्याचाही तोच धोका आहे.

शंका न घेतल्याची किंमत इंग्लंड-अमेरिकेतील बाळांनी मोजली आहे. तिथे दातांसाठी पाऱ्याची पूड सर्रास विकली जाई. हातपाय गुलाबी पडून सोलणारा, बाळाला सतत तळमळत ठेवणारा ‘पिंक डिसीज’ त्यातूनच होत होता, हे १९४० च्या दशकाच्या अखेरीस ध्यानात आले. १९५० च्या दशकात ती पूड बाजारातून हटली आणि आजार जवळजवळ नाहीसा झाला.

हिरड्या शिवशिवत असतील तर धुतलेल्या बोटाने हलके चोळणे, फ्रिजमध्ये थंड केलेले (बर्फ न झालेले) चावायचे खेळणे किंवा ओले फडके बाळाला देणे, लाळ टिपत राहणे आणि बाळाला जवळ घेणे पुरते. फारच अस्वस्थ असेल तर डॉक्टरांनी वजनावरून ठरवून दिलेले पॅरासिटामोल. वर्ष-सव्वा वर्षापर्यंत एकही दात दिसला नाही तर मात्र दाखवून घ्यावे.

जुलाब लागले तर दाताचा विचार बाजूला ठेवून ओआरएस सुरू करावे, अंगावरचे दूध चालू ठेवावे. ओआरएसची पाकिटे आणि झिंकच्या गोळ्या आशाताईंकडे मिळतात. ऊसतोडीच्या हंगामात फडाशेजारच्या खोपीत राहणाऱ्या कुटुंबांपर्यंत हे आधी पोहोचायला हवे, कारण तिथे पाणी आणि दवाखाना दोन्ही दूर असतात. डोळे खोल जाणे, लघवी कमी होणे, बाळ मलूल पडणे, जुलाबात रक्त, थांबत नसलेली उलटी किंवा ३८.५ अंश सेल्सिअसच्या वरचा ताप दिसला, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, बाळाला दवाखान्यात न्यावे.