पांढरीच्या पोटातला इतिहास

आपल्या खानदेशात गावच्या जमिनीला दोन नावे आहेत: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन. पांढरी म्हणजे गाव जिच्यावर वसले ती जागा. ही जागा पांढरी का, असा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. त्या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो, म्हणजे आपण नकळत पुराणवस्तुशास्त्राच्या दारात येऊन उभे राहतो.

मातीच्या घराचे आयुष्य ते किती! दोनतीन पिढ्यांत भिंत खचते. पडलेल्या भिंतीची माती कोणी दूर नेत नाही. ती सपाट करून तिच्यावरच नवे घर उठते. मृगापूर्वी धाब्यावर नवी माती पडते. चुलीची राख, गुरांचे शेण, फुटकी मडकी, हाडे हे सारे तेथल्या तेथेच मुरते. गावात माती येते पुष्कळ, जाते थोडी. अशा रीतीने शतकानुशतके गाव हळूहळू वर चढत राहते आणि राखेने व क्षारांनी त्याची माती पांढुरकी होते. राजवाड्यांचा इतिहास कागदावर आणि ताम्रपटांवर सापडतो. कुणब्याच्या आणि कुंभाराच्या घराचा इतिहास लिहिला गेला तो या मातीत.

त्याचे उत्तम उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. शहादे तालुक्यातले प्रकाशे आपण तापी-गोमाईच्या संगमावरचे तीर्थ म्हणून जाणतो. त्या गावच्या पांढरीच्या टेकाडावर 1955 साली भारतीय पुरातत्त्व खात्याचे बी. के. थापर यांनी उत्खनन केले. वरून खाली जाताना त्यांना एकाखाली एक अशा चार कालखंडांच्या वस्त्या लागल्या. वरच्या थरांत मध्ययुगाच्या आरंभीचे अवशेष होते, त्याखाली सातवाहनांच्या आगेमागचे, त्याहीखाली लोखंड वापरू लागलेल्या लोकांचे. सर्वांत तळाशी जे लोक राहत होते त्यांना लोखंड ठाऊक नव्हते. गारगोटीच्या जातीच्या दगडाची बारीक पाती आणि थोडे तांबे, एवढ्यावर त्यांचा संसार चाले. हा काळ आजपासून सुमारे साडेतीन हजार वर्षांमागचा.

त्या तळच्या थरातली खापरे मोठी बोलकी आहेत. आधी माळव्याच्या धाटणीची रंगीत भांडी दिसतात. पुढे प्रवरेकाठच्या जोर्वे गावावरून ज्यांना नाव मिळाले ती भांडी, आणि सौराष्ट्राशी नाते सांगणारी तकतकीत तांबडी भांडीही येतात. उत्तर, दक्षिण आणि पश्चिम अशा तिन्ही दिशांचे धागे या एका नदीकाठी येऊन मिळाले होते. तापीचे खोरे हा तेव्हाही रहदारीचा मार्ग होता, हे कोणत्या पोथीने नव्हे, फुटक्या मडक्यांनी सांगितले.

पण ही मडकी बोलतात केव्हा? ती आपापल्या थरात असतील तेव्हाच. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा, हा या शास्त्राचा पहिला नियम आहे. थराबाहेर काढून हातात दिलेले खापर सुंदर असेल. परंतु ते कोणाच्या आधीचे आणि कोणाच्या नंतरचे हे सांगता येत नाही. पुस्तकाची पाने सुटी करून वाऱ्यावर उधळली, तर अक्षरे उरतात, कथा उरत नाही.

प्रत्येक वस्ती प्रकाशासारखी उंचही नसते. शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या कवठे येथे 1984 नंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजने खोदकाम केले. तेथे ज्या लोकांचा शोध लागला, त्यांना तापीकाठच्या सावळदे गावावरून ‘सावळदा संस्कृती’चे लोक म्हणतात. जमिनीत खड्डे घेऊन त्यांवर छप्पर उभारलेल्या घरांत ते राहत. वस्ती विस्ताराने मोठी, पण तिचा थर जेमतेम हातभर जाडीचा. असा थर खोल नांगरटीत सहज नाहीसा होतो.

दूरच्या आयर्लंड देशातली एक गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. तेथे लोक पीट नावाची दलदलीतली जळाऊ माती कापून सरपणासारखी वापरतात. मेयो परगण्यात 1930 नंतरच्या दशकात पॅट्रिक कॉलफिल्ड या शाळामास्तरांच्या ध्यानात आले, की पीट कापताना तिच्या तळाशी दगडांच्या रांगा लागतात. त्यांच्यावर एवढी माती साचली आहे, तेव्हा त्या माणसांनी दलदल होण्यापूर्वीच रचल्या असल्या पाहिजेत, असे त्यांनी ताडले. पुढे त्यांचे चिरंजीव शेमस पुराणवस्तुसंशोधक झाले. त्यांनी लांब लोखंडी गजांनी दलदल टोचीत, बव्हंशी न खणताच, खालचे बांध नकाशावर उतरविले. हजारो वर्षांपूर्वीच्या शेतांची आखणी अशी उजेडात आली. आरंभ झाला तो एका मास्तरांच्या डोळसपणातून.

आपल्याकडे तशी नजर हवी ती पांढरीकडे पाहताना. ही माती खतासाठी शेतात जाते, धाब्यासाठी घरावर जाते आणि आता यंत्राने खणून भरावासाठीही जाते. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या दृष्टीने ती उपयोगाची माती आहे आणि तिचे दुसरे मोल त्याला कोणी सांगितलेलेच नाही. पण प्रत्येक गाडीबरोबर खेड्याच्या चरित्रातली काही पाने जातात, आणि या चरित्राची दुसरी प्रत कोठेही नाही.

म्हणून एवढेच करावे: गावच्या ओसाड पांढरीवर रंगीत खापरे, दगडी पाती वा राखेचे पट्टे दिसले, तर खणू नये. जागा कोणती, वस्तू किती खोलीवर दिसली, हे वहीत टिपून घ्यावे, आणि ती वही शाळेतील शिक्षकांकरवी पुरातत्त्व खात्यापर्यंत पोचवावी. त्यासाठी विद्वान असण्याची गरज नाही. मेयोच्या मास्तरांनी पहिल्या दिवशी याहून अधिक काही केले नव्हते.